बजबजच्या टेपमधला खोकला

दिगू,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो तुझ्या कपाटाचा. खोटं कशाला सांगू? काकोलीवहिनी फोनवर रडत होत्या, मी "हो, हो, निघालोच" म्हणत होतो, आणि डोक्यात एकच, की आता त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असेल. मग स्वतःचीच लाज वाटली. पण तुझ्या घरी पोचलो तर पाहतो काय, आपल्यातले दोघं माझ्याआधी तिथे हजर! जिन्यात चपला काढून, हात जोडून, चेहरे अगदी शिस्तीत पाडून उभे. त्यातल्या एकाने वाकून नमस्कार केला तो तुला केला की तुझ्यामागच्या कपाटाला, याचा मला अजून संशय आहे. तुला बघायला मिळालं असतं तर तू हसून लोळला असतास.

'आपल्यातले' म्हणजे कोण हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की आपण चोर ठरतो. दुकानात मिळतं ते गाणं आपण कधी जमवलं नाही. आपल्याला हवं असायचं हॉलमध्ये पिशवीत लपवून टिपलेलं, नाहीतर स्टुडिओच्या मागच्या दाराने बाहेर पडलेलं. ज्यात गायक मधेच थांबून तबलजीवर करवादतो, ओळ विसरतो, परत घेतो. "छापील गाण्यात माणूसच नसतो रे," असं तू म्हणायचास. पण या छंदाला एक शाप आहे. जो तो दुसऱ्याकडे बघतो ते 'याने हे कुठून आणलं' आणि 'याने माझं कोणाला दिलं' एवढ्याच नजरेने. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आपली पहिली भेटही तशीच झाली होती. मी बँकेच्या बदलीवर कलकत्त्यात नवा, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी एक कॅसेट लावली होती, आणि एक किडकिडीत मनुष्य आरतीचं ताट तसंच हातात धरून माझ्याजवळ आला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. म्हणाला, "हे रेकॉर्डवालं नाही. कुठून आणलंस?"

मी साताऱ्याचा, तू इथलाच. तुझे वडील रेल्वेत होते, तुझा जन्म सियालदहच्या मागच्या गल्लीतला, त्यामुळे तुझं मराठी म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होतं. शब्द आपले, अर्थ बंगाली. "मी तुला फोन करायची खूप चेष्टा केली" असं तू म्हणालास की मला आधी राग यायचा, मग कळायचं की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मंडळात तू एकदा अभिमानाने सांगितलंस की मुलीला मी उत्तम शिक्षा दिली, आणि बायका विचारायला लागल्या, पोरीने केलं तरी काय एवढं? तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. माझं नाव वसंत, त्याचं तू 'बोशोंतो' केलंस, आणि वर सगळ्यांना सांगत सुटलास की बंगालीत बोशोंतो म्हणजे देवीचा रोगसुद्धा. मी तुझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. सवयच होती. बँकेत उभा जन्म सह्या पडताळण्यात गेला, चूक दिसली की माझं बोट आपोआप तिथे जातं. तू ऐकून घ्यायचास आणि पुढच्या वाक्यात तीच चूक परत करायचास. मुद्दाम करायचास का रे? विचारायचं राहून गेलं.

आणि बजबज. त्याशिवाय काही लिहिणं म्हणजे मीठ विसरून स्वयंपाक.

नाव मी आजही लिहीत नाही. आपण त्यांना 'बुवा' म्हणायचो, ट्राममध्ये शेजारच्याला कळू नये म्हणून. त्यांची गाणी तेव्हा पानाच्या टपऱ्यांवर दिवसभर वाजायची, आणि असा गायक बजबजला, ज्यूट मिलच्या कामगारांसमोर, रविवारी दुपारी गाणार ही बातमी तू कुठून काढलीस ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. संक्रांतीचे दिवस होते. तुझा रेकॉर्डर फोर्ट विल्यममधल्या एका मराठी हवालदाराने आणून दिलेला, तो शबनम पिशवीत तळाशी. माईक तुझ्या मंकी कॅपमध्ये गुंडाळलेला. पिशवीत वरती आमच्या सौ.ने केलेल्या तिळगुळाच्या लाडवांचा डबा. सियालदहहून लोकल धरली तेव्हाच तू शिंकत होतास. मी म्हटलं, दिगू, तुला सर्दी आहे, माईकशेजारी तू बसू नकोस. तू म्हणालास, मशीन माझं आहे.

फाटकावरच्या माणसाने पिशवी उघडायला लावली. तू शांतपणे डबा काढलास आणि चक्क त्याला म्हणालास, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्याला काय कळणार! पण लाडू बघून त्याचा चेहरा खुलला, त्यांच्याकडेही पौषात तिळाचे नाडू करतात. त्याने दोन उचलले आणि पिशवीत हात न घालता आपल्याला आत सोडलं. तू मला डोळा मारलास. तेवढ्यावर मी तुला सगळं माफ केलं होतं.

बुवा त्या दिवशी जसे गायले तसे पुन्हा गायले नाहीत, निदान आपल्या कानावर तरी नाही. शेवटच्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, ते एकदम थांबले. वाद्यंही थांबली. तो अख्खा पत्र्याचा हॉल श्वास धरून बसला होता, आणि त्या शांततेत तू खोकलास. दोनदा. आणि वर ओशाळून एक 'हं'. मला तुझा गळाच धरावासा वाटला. घरी येऊन टेप लावली तर काय, खोकला बुवांपेक्षाही मोठा! मी म्हटलं, कापून टाकू. तू ऐकेनास. "राहू दे. ती माझी सही आहे."

मास्टर तुझ्याकडे, एक कॉपी माझ्याकडे, तिसरी कुणालाही नाही. असा आपला करार. कागदावर नव्हता, तिळगुळावर होता. संक्रांतीला तू यायचास, आपण तो खोकला ऐकायचो, मी तुला शिव्या घालायचो, तू लाडू खायचास. किती वर्षं चाललं ते. मी रिटायर होऊनही साताऱ्याला परत गेलो नाही, लोक विचारतात का. कारणं पुष्कळ सांगतो मी. त्यातलं एक तू होतास, आणि ते मी कोणाला सांगत नाही.

मग दोन-अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या भाच्याने पुण्याहून मोबाइलवर काहीतरी पाठवलं. 'मामा, हे तुमचे बुवा का? कुणीतरी इंटरनेटवर टाकलंय.' पोहे खाता खाता मी लावलं. बजबज. तेच गाणं, तेच थांबणं. मनात पाल चुकचुकली, मी फोन कानाशी नेला, आणि शांततेत आलाच तो. दोनदा खोकला आणि एक 'हं'.

पोहे तसेच राहिले. पुढचं मी ऐकलंही नाही, बंद केलं. जगात दोन टेपा, एक माझ्या कपाटात कुलपात. मग दुसरा कोण? घरचा भेदी. तुला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. तू एवढंच म्हणालास की मला पाठव. मी पाठवलं. तासाभराने तुझा फोन आला, आणि ते बोलणं मी त्यानंतर इतक्या वेळा मनात वाजवलंय की माझ्यापुरती ती आपल्यातली शेवटची टेप आहे.

"तू नीट ऐकलंस?"

"दिगू, जन्मभर सह्या पडताळल्यात मी. खोकला तुझा आहे."

तू म्हणालास, "हो. खोकला माझाच आहे." आणि फोन ठेवलास.

कबुलीच झाली की ही! मी सौ.ला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, अहो, त्यांना घरी बोलावून विचारा तरी. मी म्हटलं, विचारायचं काय, तो हो म्हणाला.

भांडण मिटलं नाही आणि वाढलंही नाही. हेच वाईट झालं. संक्रांतीला तू येत राहिलास, लाडू घेत राहिलास, गोड बोलत राहिलास. टेपचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. ताकास तूर लागू दिली नाहीस. मी मात्र तुझ्यावर नजर ठेवून होतो. तू नवा चष्मा केलास तरी मला वाटायचं, यामागे काहीतरी आहे. तुझ्याकडे कोणी आलं-गेलं की मी वहिनींना आडून आडून विचारायचो. मी माझ्या कपाटाचं कुलूप बदललं. तुझ्या लक्षात आलं होतं ते. किल्लीकडे बघून तू म्हणालास, "नवं?" मी म्हटलं, जुनं गंजलं. तू मान हलवलीस. तुला पटलं नव्हतं, आणि तुला पटलं नाही हे मला कळलं होतं, आणि तरीही आपण दोघं तिळगूळ चघळत बसलो होतो.

हॉस्पिटलमध्ये मी आलो त्या दुपारी तुझ्या नाकात नळी होती. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी स्टुलावर बसून उगाच क्रिकेटचं काहीतरी बोलत होतो. तू माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"बोशोंतो, तुझ्यावर माझा फार अभिमान आहे रे."

माझे डोळे भरून आले. खरंच आले. मला वाटलं, चला, सुटलो, शेवटी माणसाने मन मोठं केलं. आणि दिगू, मी काय केलं? तू मरणाच्या दारात, आणि माझं बोट नेहमीसारखं चुकीवर गेलं. मी हसून म्हटलं, "तुझ्यावर नाही रे, 'तुझा'. मला तुझा अभिमान आहे, असं म्हणतात."

तू डोळे मिटलेस. ओठ हलले.

"तुझ्यावर," तू म्हणालास.

मंडळाच्या शोकसभेत मी हा किस्सा सांगितला. रंगवून सांगितला. अखेरपर्यंत आमच्या दिगूला विभक्ती जमली नाही, पण मैत्री जमली, असं काहीतरी टाळीचं वाक्यही टाकलं. लोक डोळे पुसता पुसता हसले. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, दुःखात आहेत.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. कपाटाबद्दल. जिन्यातल्या त्या दोघांपैकी एकाचे फोन सुरू झाले होते, 'बौदी, एकदा नुसतं बघू द्या' म्हणून. वहिनींनी चहा ठेवला, समोर बसल्या. तुझ्या आईने शिकवलेलं ते जपून टाकलेल्या पावलांचं मराठी तुला माहीत आहेच. त्या म्हणाल्या, वसंतदा, तुम्ही सभेत बोललात ते त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, माझं मनगट धरून म्हणाला तो.

"म्हणाले असतील. पण बंगालीत गर्व माणसाचा असतो, वसंतदा. अभिमान माणसावर असतो. आणि तोही आपल्याच माणसावर. परक्यावर नुसता राग येतो."

मी म्हटलं, म्हणजे रुसवा? त्या म्हणाल्या, रुसवा दाखवतात. अभिमान दाखवत नाहीत. आपण काय ते बोलायचं नाही, समोरच्याने ओळखायचं. नाही ओळखलं तर तो वाढत जातो. मग कप उचलून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या की दोन वर्षं यांनी बजबजची टेप लावली नाही, मी म्हटलं तरी लावली नाही.

घरी येईपर्यंत मी चिडलेला होतो, हे तुला सांगितलंच पाहिजे. कशाचा रे अभिमान? चोरी तू करायचीस आणि दुखावलंही तूच जायचंस? करार मोडला कोणी? मला पुरावा हवा होता. तू नाहीस म्हणून काय झालं, मला तुझ्याशी भांडण पुरं करायचं होतं. भाच्याने पाठवलेलं ते शोधून काढलं. या वेळी मोबाइलच्या टीचभर स्पीकरवर नाही. मोठे हेडफोन लावले, तूच मला घ्यायला लावलेले.

बुवा थांबले. हॉल थांबला. तू खोकलास.

लांबून.

दिगू, लांबून खोकलास तू. डावीकडून, कुठून तरी चार-पाच रांगा पलीकडून. मी परत लावलं. आपल्या टेपमध्ये तू माईकला चिकटून आहेस, छातीतली घरघरसुद्धा येते. इथे तू गर्दीतला एक माणूस आहेस. आणि इथे माईकच्या अगदी जवळ काय आहे, तर बांगड्या. शंखाच्या, इथल्या लग्न झालेल्या बायका घालतात तशा, एकमेकींवर आपटल्याचा तो कोरडा आवाज. तुझा 'हं' विरतो आणि एक बाई दातओठ खाऊन कुजबुजते, "एई शोमोये केउ काशे?" अशा वेळी कोणी खोकतं का!

आपल्या टेपवर ही बाई नाही. मी माझी कॅसेट काढून ताडून पाहिली, बांगड्या नाहीत, कुजबुज नाही. म्हणजे त्या हॉलमध्ये तिसरा चोर होता. थोडक्यात, चोरीण होती. पदराखाली यंत्र घेऊन आलेली कोणी काकू, आणि आपण दोघं शहाणे समजत होतो की फाटकावरच्याला लाडू चारून आत शिरलेले आपणच. कोण असेल रे ती? तिच्याकडे अजून काय काय असेल? बघ, लगेच तोच विचार. पहिल्यांदा खूप हसलो मी. मग तुला सांगायला फोन उचलला, आणि तो हातातच राहिला.

तुला तासाभरात कळलं होतं. तुझे कान माझ्यापेक्षा कितीतरी तिखट, तुला पहिल्याच खेपेला बांगड्या ऐकू आल्या असणार. म्हणून तर विचारलंस, नीट ऐकलंस का. एक वाक्य होतं, दिगू. "माईकशेजारची बाई ऐक." तीन शब्द. चेष्टा करून बघायचीस, तुझ्या अर्थाने. मी ऐकलं असतं, ओशाळलो असतो, माफी मागितली असती, आणि दोन संक्रांती आपल्या नासल्या नसत्या. पण तू वाट बघत बसलास की बोशोंतो आपणहून ओळखेल. सह्या पडताळणाऱ्याने एक सही ओळखावी, पण ती कुठून केली आहे तेही बघावं, असं तुला वाटत राहिलं. खोकला माझाच आहे म्हणालास, आणि ते खरंच होतं. खरं बोलून तू मला फसवलंस. यासाठी मी तुला सहज सोडणार नाही.

की मलाच अजून काही ऐकू आलेलं नाही? हल्ली हा नवा संशय लागलाय. तू जे जे बोललास ते सगळं परत काढून बघतो. "मशीन माझं आहे" म्हणालास, तेव्हा तुला काय म्हणायचं होतं? "नवं?" म्हणालास तेव्हा? माणूस गेल्यावर त्याची टेप परत परत लावायची, आणि दर खेपेला वेगळंच काही ऐकू येतं. आपल्याला याचं वेड होतंच. ते एकमेकांवर उलटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

कपाट मी आणलंय. वहिनींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्या कपाटाशेजारी लावलंय. माझं कुलूप काढून टाकलं. ते दोघं येणारेत रविवारी ऐकायला. येऊ देत. चहा देईन, आणि त्यांच्या पिशव्यांवर लक्ष ठेवीन, तेवढं मला जमतं.

आज तुझं मास्टर लावलं. बुवा थांबले आणि तू माझ्या अगदी कानाशी खोकलास, दोनदा, आणि वर तो 'हं'. मी सवयीने शिवी घातली. मग पुढचं कडवं ऐकायचं सोडून टेप मागे नेली.

तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. माझा तुझ्यावर फार अभिमान आहे, दिगू. तुझ्यावर. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.